चूक माझी, पुन्हा पहिल्यापासून

बुडापेस्ट, २८ ऑगस्ट १९८३

साल्कायसाहेब,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच शेगडीत टाकलं नसेल, तर पहिले आभार त्याबद्दल. एकोणीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय ती वरून हुकूम आला म्हणून. अठरा नोव्हेंबरला आपल्या वाद्यवृंदाच्या तोरदाय मास्तरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी मोठा कार्यक्रम आहे, आणि वाद्यवृंदातल्या जुन्या मंडळींना बोलावण्याचं काम समितीने माझ्या गळ्यात टाकलंय. स्वरलिपीच्या वह्या सांभाळणारी बाई पत्तेही सांभाळत असणार, असा त्यांचा समज. तुमचा बाया गावातला पत्ता मला शोधावा लागला नाही. तो माझ्याकडे होताच.

आज कॅलेंडरात आगोश्तोन, म्हणजे मास्तरांच्या नावाचा दिवस. सकाळी फुलं घेऊन गेले तर जिन्यातच रांग. दोन निवृत्त शिक्षिका, गणवेशातला ट्रामचालक, त्यांचा न्हावी, आणि काकडीच्या लोणच्याची बरणी पोटाशी धरून बाजारातली रोझी मावशी. मास्तर दारात उभे, पांढरा मफलर ऑगस्टातही गळ्यात.

"मास्तर, यंदा शेपू जरा जास्त घातलाय," रोझी म्हणाली.

"रोझी, गेल्या वर्षीची बरणी मी एकट्याने संपवली म्हणून डॉक्टर माझ्यावर ओरडला. या वर्षी दोन आणायच्या होत्यास, म्हणजे एक त्याला दिली असती!"

असे आहेत अजून. 'तोरदाय, बुडापेस्ट' एवढंच लिहिलेली पत्रं त्यांना बिनचूक पोचतात, आणि प्रत्येकाला ते स्वतःच्या हाताने उत्तर लिहितात. आमच्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने त्यांच्या नावाची पेस्ट्री काढलीय, कॉफी आणि जर्दाळूची. चव बेताचीच आहे, पण दुपारपर्यंत संपते. परदेशातले वाद्यवृंद त्यांना बोलावतात आणि इथे भाजीवाल्याला ते कोणत्या तारखेला परतणार हे पाठ असतं. तुम्ही गेलात तेव्हा ते प्रसिद्ध होते. आता ते लाडके आहेत. ही गोष्ट वेगळी, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि ते वाक्य! परवा सत्तेचाळीस नंबरची ट्राम थांबा सोडून पुढे गेली. चालकाने मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "चूक माझी, पुन्हा पहिल्यापासून!" सगळी ट्राम हसली. शाळेत पोरं म्हणतात, नवरे बायकांना म्हणतात. दूरदर्शनवर तर त्या नावाचा कार्यक्रमच आहे. मी ते ऐकलं की खिडकीबाहेर बघते.

तर निमंत्रण सोबत आहे. आणि निमंत्रणाशी संबंध नसलेले आभारही. सत्तावन्नच्या हिवाळ्यात माझा नवरा सीमेपलीकडे निघून गेला होता आणि मला कुणी दारात उभं करत नव्हतं. तेव्हा तुम्ही कचेरीत छातीठोकपणे सांगितलंत, "ही बाई माझ्याइतकीच स्वरलिपी वाचते." मला तेव्हा 'सा' कुठला आणि 'रे' कुठला तेही धड कळत नव्हतं. मग तीन महिने रोज तालमीच्या आधी एक तास तुम्ही मला शिकवलंत, स्वतःचं खोटं खरं करायला. ही भाकरी तुमची आहे, साल्कायसाहेब. मी ती अजून खातेय.

गिझेल्ला बर्ता


बुडापेस्ट, १२ सप्टेंबर १९८३

साल्कायसाहेब,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज खाली जाऊन टपालपेटी उघडते. शेजारीण म्हणते, "गिझी, या वयात कोण लिहिणारंय तुला?"

समितीचा हुकूम वगैरे खोटं होतं. तुमचं नाव यादीत नव्हतंच. "त्यांना उगाच कशाला जुनं आठवून द्यायचं?" असं अध्यक्ष म्हणाले. ते नाव मी घातलं.

गेल्या आठवड्यात रेडिओवाले मास्तरांची मुलाखत घ्यायला आले. पुन्हा तोच प्रश्न, चौसष्टच्या डिसेंबरचा. मास्तरांनी हजाराव्यांदा सांगितलं: सिंफनीचा तिसरा भाग चालू, रेडिओवर थेट प्रक्षेपण, आणि अचानक पहिली व्हायोलिनं एका ठिकाणी आणि बाकी सगळे दुसऱ्या. त्यांनी छडी खाली ठेवली, लोकांकडे वळले आणि म्हणाले, "चूक माझी. पुन्हा पहिल्यापासून." आणि मग त्या लोखंडी टाळ्या, अख्खं सभागृह एका ठेक्यात. "पण चूक खरी कुणाची होती?" मुलीने विचारलं. मास्तर फक्त हसले. त्या हसण्यावर लोक जीव टाकतात. एवढा मोठा माणूस, दुसऱ्याचं नाव ओठावर येऊ देत नाही.

नाव ओठावर आलं नाही, पण आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पहिली व्हायोलिनं तुमच्या मागे गेली होती. पहिल्या खुर्चीवर तुम्ही होतात.

आज यापुढे लिहायचं ठरवून बसले होते. चहा गार झाला. उद्या लिहीन म्हणते, आणि हे असंच एकोणीस वर्षं म्हणत आलेय.

गि. ब.


बुडापेस्ट, २० सप्टेंबर १९८३

साल्कायसाहेब,

आता एका दमात सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा आठ दिवस जातील.

चूक तुमची नव्हती. तुम्ही वहीत जे होतं तेच वाजवलंत.

त्या दिवशी सकाळच्या तालमीत तुमच्या शेजारच्या गेदेऑन काकांनी तुमच्या दोघांच्या वहीवर कॉफी सांडली. पानं चिकटली. मी जुन्या संचातली वही काढली. आधीच्या संचालकाच्या काळात तो तिसरा भाग कापून वाजवत, आणि जुन्या वह्यांत 'इथून उडी मारा, तिथे उतरा' अशा पेन्सिलीच्या खुणा होत्या. सगळ्या पुसायला पुरेसा वेळ होता. निम्म्या पुसल्या, आणि मग सभागृहाच्या नोकराने दारातून ओरडून सांगितलं, "कोपऱ्यावर संत्री आलीत!"

तेव्हाचं तुम्हाला आठवतंच. नाताळच्या आधी एकदा संत्री यायची आणि तासाभरात संपायची. मी रबर टेबलावर ठेवलं आणि पळाले. दीड तास रांगेत उभी राहिले. परत आले तोवर वादक कपडे बदलत होते. मला वाटलं, काम झालंय. वही तशीच स्टँडवर ठेवली. वर तुम्हाला एक संत्रं दिलं. तुम्ही ते कोटाच्या खिशात घातलंत आणि म्हणालात, "बोरीला देईन. तिला वास फार आवडतो." बघा, वहिनींसाठीचं हे बोलणंही आठवतंय मला.

मग तो तिसरा भाग. गेदेऑन काका वहीकडे बघतच नसत, तुमच्या गजाकडे बघून वाजवत. तुम्ही खूण पाहिलीत, हात उडी मारून गेला आणि तुमच्यामागे चौदा जण. मास्तर थांबले, ते वाक्य बोलले. दुसऱ्यांदा तुम्ही डोळे मिटून वाजवलंत. मी पडद्याआडून पाहत होते. इतकं सुंदर त्यानंतर मी कुणाचंच ऐकलेलं नाही.

शेवटी वीस मिनिटं टाळ्या चालल्या. तेवढ्यात मी स्टँडवरून वही उचलली आणि कपाटाच्या खोलीत गेले. पेन्सिल रबराने जाईना, म्हणून ब्लेडने खरवडली. बाहेर लोक एका ठेक्यात टाळ्या देत होते आणि माझा हात त्याच ठेक्यात चालला होता. हे सांगताना लाज वाटते, पण सांगायचंच आहे तर सगळं.

मग तुम्ही आलात. घामाघूम, टाय सुटलेला. "गिझिके, ती वही जरा दाखवा."

मी दाखवली. तुम्ही ते पान उघडलंत. बोट फिरवलंत. "कागद इथे खरखरीत लागतोय."

"जुनी वही आहे," मी म्हटलं.

तुम्ही पुन्हा एकदा बोट फिरवलंत. मग म्हणालात, "मला इथे खूण दिसली होती. नसलेलं दिसायला लागलंय मला." आणि वही मिटून माझ्या हातात दिलीत, वर थँक्यू म्हणालात. जानेवारीत तुम्ही राजीनामा दिलात. कुणी तुम्हाला थांबवलं नाही. सगळ्यांना वाटलं, मास्तरांनी झाकलं आणि ह्यांना ते सोसवलं नाही.

कारणं माझ्याकडे होती. नवरा पळून गेलेली बाई, ड्यूटी सोडून संत्र्यांच्या रांगेत. नोकरी गेलीच असती. पण ती कारणं पहिल्या आठवड्यापुरती. पुढच्या एकोणीस वर्षांना काही कारण नाही. ज्या माणसाने मला वाचायला शिकवलं, त्याला मी त्याच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावलं.

माफी मागत नाही. ती मागायचीही काही पात्रता लागते. फक्त हे तुमच्याजवळ असावं.

गिझेल्ला


बुडापेस्ट, ५ ऑक्टोबर १९८३

साल्कायसाहेब,

कार्ड मिळालं. एका बाजूला बायाचा धक्का आणि नावा. दुसऱ्या बाजूला सही नाही, मायना नाही, तीनच शब्द: 'पेन्सिल कोणत्या रंगाची?'

निळी. उजव्या हाताच्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत. कंसासारखी खूण आणि तिच्यावर एक छोटा बाण, किंचित वाकडा.

कार्ड वाचून मी जिन्यातच बसले. शेजारणीला वाटलं, कुणी गेलं. मी म्हटलं, "नाही हो, कुणीतरी परत आलं." तिला काय कळणार! तुम्ही मला विचारलंत, यासाठी मी किती ऋणी आहे ते सांगता येत नाही. शिव्या दिल्या असत्यात तरी कार्ड जपून ठेवलं असतं.

आता मास्तरांना सांगायला हवं. तुमच्यापेक्षा त्यांची जास्त भीती वाटते, कारण त्यांच्या त्या वाक्यावर अख्खा देश प्रेम करतो. उद्या जाते.

गिझेल्ला


बुडापेस्ट, १७ ऑक्टोबर १९८३

साल्कायसाहेब,

तुमचं पत्र शनिवारी आलं. चारदा वाचलं. 'निळी. बरोबर. म्हणजे मी वेडा नव्हतो.' त्यानंतरचं वाचताना मात्र पुन्हा पुन्हा थांबावं लागलं. गॅसचं मीटर वहिनींकडून वाचून घ्यायचं. कुलूप लावलंय का ते परत येऊन बघायचं, आणि बघूनही शेजाऱ्याला विचारायचं. शिकवताना पोरांना आधी सूर मोठ्याने वाचायला लावायचे, म्हणजे आपण पाहतोय तेच तिथे आहे याची खात्री. बायाच्या संगीतशाळेत ती तुमची पद्धत म्हणून नावाजली गेली, हे तुम्ही विनोदाने लिहिलंय. मला हसू आलं नाही.

आणि 'मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका, अजून ठरलेलं नाही', याबद्दल मनापासून आभार. खोटी माफी मला पचली नसती.

मास्तरांचं आता तुम्हाला ठाऊकच आहे, पण ते माझ्या बाजूने कसं झालं ते ऐका. मी सगळं सांगितलं. ते मफलर सोडून, पुन्हा गुंडाळून, पुन्हा सोडून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे गिझी, एकोणीस वर्षं मी फुकटचा मोठा माणूस आहे?"

"तसं नाही, मास्तर."

"तसंच आहे. खरं सांगू? रेडिओ चालू होता. पाच सेकंद शांतता गेली. तोंडात आलं ते बोललो. टाळ्या पडल्या, आणि मग मला ते वाक्य आवडायला लागलं. मेनहेर्त साल्कायशी मी त्यावर एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, गप्प राहणं हाच मोठेपणा. एकदा त्याला विचारलं असतं, 'काय रे, काय झालं होतं?' तर दोन मिनिटांत निकाल लागला असता." मग एकदम माझ्यावर उखडले, "आणि तू! संत्री! निदान मला तरी एखादं द्यायचंस!"

रडत होते हो, हे म्हणताना. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तुमच्याकडे यायला गाडीत बसले. किश्कुनहालाशला गाडी बदलायची तर फलाटावर लोकांनी ओळखलं, सह्या घेतल्या, आणि त्या गडबडीत त्यांची गाडी चुकली. देशाचे लाडके तीन तास बाकावर बसून होते.

तुमच्या दारातलं बोलणं त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं, नकला करून.

"मेनहेर्त, चूक तुझी नव्हती."

"कळलंय मला."

"माझीही नव्हती."

"ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं."

"मग इतकी वर्षं माझ्या नावाने टाळ्या वाजल्या त्यांचं काय?"

"त्या तुम्ही घेतल्यात. आता परत कुणाला देणार? आत या, गार वारा येतोय."

मग म्हणे माशाचं सार झालं, आणि 'सारात शेवया घालणं हा गुन्हा आहे, आमच्या सेगेदला असं करत नाहीत' असं मास्तर बोलून गेले, त्यावर बोरीवहिनींनी पळी काढून घेतली. वहिनींना माझा नमस्कार. शेवयांच्या, म्हणजे बाया गावाच्या बाजूने मीही उभी आहे.

मास्तरांना कार्यक्रमात व्यासपीठावरून सगळं जाहीर करायचंय. तुमची अटही त्यांनी सांगितली: स्टेजवरून एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर येणार नाही. "एकोणीस वर्षं माझ्याबद्दल कुणी बोललं नाही याचा त्रास झाला. आता बोलले तर त्याहून होईल." मी तुमच्या बाजूची आहे. पण त्या माणसाला गप्प ठेवणं म्हणजे काय असतं, तुम्ही जाणता.

दुसऱ्या व्हायोलिनांमध्ये शेवटची खुर्ची वसंतापासून रिकामी आहे. "फक्त त्या एका दिवसापुरता बसेन" असं तुम्ही म्हणालात म्हणे. तेवढंही पुष्कळ. वही सोबत पाठवतेय. नवी आहे. तरी प्रत्येक पान मी खिडकीशी उजेडात धरून पाहिलंय.

गिझेल्ला


बुडापेस्ट, १९ नोव्हेंबर १९८३

साल्कायसाहेब,

काल भेट झाली आणि तरी आज पत्र. कारण काल तुम्ही एक प्रश्न विचारलात आणि माझ्या तोंडून उत्तर निघालं नाही.

आधी बाकीचं. तुम्ही स्टेजच्या मागच्या दाराने आलात, केस पांढरे झालेले, तोच व्हायोलिनचा डबा. जुन्यांपैकी दोघांनी तुम्हाला ओळखलं आणि काय बोलावं ते न कळून हवापाण्यावर बोलले. तुम्ही शेवटच्या खुर्चीशी गेलात. मी वही स्टँडवर ठेवली आणि म्हटलं, "एकदा पानं बघून घ्या, साल्कायसाहेब."

तुम्ही म्हणालात, "तुम्ही बघितलीत ना? मग झालं."

आणि सूर लावायला लागलात. मी वळले. हार्पच्या मागे जाऊन उभी राहिले.

मास्तरांची छडी शेवटी खाली आली आणि सभागृह उभं राहिलं. लोखंडी टाळ्या, पहिल्यांदा संथ, मग चढत चढत. रोझी मावशी पहिल्या बाल्कनीत होती, तिच्या टाळ्या वेगळ्या ऐकू येत होत्या. "बोला, मास्तर, बोला!" असं लोक ओरडत होते. मास्तर पुढे आले. तोंड उघडलं. त्यांची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. तुम्ही वहीकडे पाहत होतात. त्यांनी तोंड मिटलं, छातीवर हात ठेवला आणि वाकले, लोकांकडे नाही, वाद्यवृंदाकडे तोंड करून. खूप वेळ वाकलेले होते. लोकांना वाटलं, म्हातारा भारावलाय. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा टाळ्यांसमोर तोंड बंद ठेवलं, आणि ते कुणासाठी, हे त्या दीड हजार लोकांत आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. मला वाटतं, त्यांनी कमावलेल्या सगळ्या नावाला ते काल खऱ्या अर्थाने लायक झाले. हे मी त्यांना सांगितलं तर आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरतील, म्हणून फक्त तुम्हाला सांगते.

लोक पांगले. मी वह्या गोळा करत तुमच्यापर्यंत आले. तुम्ही गज सैल करत होतात. वही तुम्ही स्वतः माझ्या हातात दिलीत आणि वर न बघता विचारलंत, "गिझिके, सोमवारच्या तालमी हल्ली किती वाजता असतात?"

मी पोरीसारखी ओठ चावून उभी राहिले. तुम्ही डबा उचललात आणि "बरं, लिहून कळवा" म्हणून गेलात.

तर कळवते. पुढच्या सोमवारी, अठ्ठावीसला, दहा वाजता. मी नऊला दार उघडते.

गिझी